चार नंबर आणि देवाचा कौल

बसा, बसा. मागचे मागेच बसा, आता पुढे घुसू नका. आणि तो फोन कुणाचा वाजतोय? बंद करा तो! देवाच्या दारात तासभर तरी गप्प बसता येत नाही का तुम्हाला?

मंडळी, आज मी रागात आहे. आधीच सांगून ठेवतो. गोडगोड ऐकायला आला असाल, तर चपला बाहेरच आहेत, वाट मोकळी आहे! ...कुणी उठत नाही ना? ठीक. मग ऐका.

एक प्रश्न विचारतो. देवाला प्रश्न विचारणं वाईट का? मुळीच नाही. लेकरानं आईला विचारू नये तर कुणाला विचारावं? पण मंडळी — उत्तर आपल्याला ठाऊक आहे, चांगलं स्वच्छ ठाऊक आहे, आणि तरी आपण हात जोडून म्हणतो, 'देवा, तूच सांग' — ह्याला काय म्हणायचं? भक्ती? की पळवाट? सांगा ना! बोला!

कुणी बोलणार नाही. माहीत आहे मला. बंडोपंत, वाजवा पखवाज, म्हणजे ह्यांना गप्प राहायला निमित्त मिळेल.

*ठाऊक असोनी पुसे देवा,*
*त्याची कसली म्हणावी सेवा!*

माझीच ओवी आहे. आवडली नाही तरी म्हणा!

आज पुराणातलं आख्यान नाही. राजा नाही, राक्षस नाही. आज आख्यान घोड्यांचं! हसताय? अश्वमेधाचा घोडा म्हटलं असतं तर हात जोडून बसला असता. हे रेसचे घोडे. हो, रेसचे! पळणारे, आणि त्यांच्या मागे तुमच्याआमच्यासारख्यांना पळवणारे!

कोकणात एक गाव आहे, आंबेरखोल. चार वाड्या आणि मध्ये ग्रामदेवाचं देऊळ. मी गेल्या महिन्यात तिथं कीर्तनाला गेलो होतो. उभा राहिलो, तर सभामंडपात पुरुषमाणसं खाली मान घालून, आणि बायका सगळ्या एका बाजूला, पुरुषांकडे पाठ फिरवून! म्हटलं, हा काय प्रकार? तेव्हा हे कळलं. कळल्यापासून माझ्या डोळ्याला डोळा लागलेला नाही.

त्या गावात एक मधूभाऊ परुळेकर. जन्म सगळा मुंबईत गेला. तिकडच्या एका सांजदैनिकात ते रेसचं सदर लिहायचे — 'आजचे संभाव्य विजेते'. तुम्ही रेसला गेला नसाल... म्हणजे गेला असाल तरी इथं सांगणार नाही! तर ऐका. रेस व्हायच्या आधी कोण जिंकणार ते सांगणारी माणसं असतात. कुठला घोडा गेल्या वेळी कितवा आला, आज त्याच्या पाठीवर वजन किती, पल्ला त्याला मानवतो का, पाठीवर जॉकी कोण. हे सगळं जुळवायचं आणि सांगायचं — हा येईल! विद्या आहे ती. मधूभाऊंना ती येत होती. घोडा नुसता चालत गेला तरी त्याला कुठं दुखतंय, हे ते सांगत. हे लक्षात ठेवा. मुळात माणूस अडाणी नव्हता!

म्हातारपणी गावी आले. सदर सुटलं, पण खोड सुटते का? गावाचा एक फोनवरचा ग्रुप. त्यावर दर शुक्रवारी ह्यांचं भविष्य यायचं. कसं? ऐका हं — 'एक नंबर लेडी रोझमेरी: नाव मोठं, दम छोटा. दोन नंबर लाल किल्ला: सुरुवातीला आघाडी, शेवटी बुरूज ढासळतो. चार नंबर बिजलीबहाद्दर: गेल्या खेपेला अडकला होता, आज वाट मोकळी. पक्का!' वाचायला मजा येते ना? मलाही आली. आणि त्यांचं बरेचदा खरंही ठरायचं. मग काय विचारता! गावात मधूभाऊंना देवाच्या खालोखाल मान. चहा फुकट, मासळी घरपोच, आणि कुणी समोरून आला की आधी एकच — 'भाऊ, रविवारी कोण?'

शेताला पाणी कधी द्यायचं हे कुणी विचारत नव्हतं. 'रविवारी कोण?' वा रे वा!

आणि ह्या वेड्याला आणखी एक कारण होतं. गावचाच पोरगा जॉकी होता! उल्हास धुरी. बाप लहानपणी गेला, आई जयवंती. ह्या जयवंतीबाईनं कोलंब्या सोलून, दुसऱ्यांची भात लावणी करून पोराला वाढवलं. अंगानं हडकुळा, पण जनावरावर असा बसायचा की जनावराला कळू नये. एका पाहुण्यानं त्याला शहरात तबेल्यावर नेलं, तिथून तो वर चढला. मोठ्या शहराच्या रेसकोर्सवर आपला उल्हास! गावाला केवढा अभिमान! आणि त्या रविवारी मोठी रेस होती, आणि बिजलीबहाद्दरवर कोण? उल्हास!

मग गाव थांबतं का? मधूभाऊंनी लिहिलं, 'चार नंबर. घोडा आपल्या मनातला, जॉकी आपल्या गावातला. डोळे मिटून.' शहरातले भाऊबंद, मेहुणे, भाचे — सगळ्यांना फोन गेले, लावा चार नंबरवर! बायकांच्या डब्यातलं गेलं, गणपतीची वर्गणी गेली. देवळाचा लवू गुरव — देवाची पूजा करणारा माणूस, मंडळी! — त्यानंही लावले.

आणि शनिवारी सकाळी उल्हासचा आईला फोन आला.

'आई, घोडा बरा नाही गे. पुढचा डावा पाय टाकताना चोरतो. वर बसल्यावर मला कळतं. मी ट्रेनरला सांगितलं. तो म्हणतो, डॉक्टरनं बघितलाय, उभा आहे, चालतोय, तुला बसायचं तर बस, नाहीतर दहा जण रांगेत आहेत. आई, मी काय करू?'

जयवंती म्हणाली, 'रे बाबा, माका काय कळता घोड्यातला?' मग तिला सुचलं, गावात कळणारा माणूस आहे की! म्हणाली, 'थांब. मधूभाऊक इचारतंय.'

उल्हासनं मित्राला सांगून घोडा दुडक्या चालीनं चालवतानाचा व्हिडिओ काढला होता. तो त्यानं पाठवला. जयवंती फोन घेऊन मधूभाऊंच्या पडवीत. मधूभाऊंनी चष्मा लावला. बघितलं. परत बघितलं.

मंडळी, घोड्याचा पुढचा पाय दुखत असला ना, की तो पाय जमिनीला टेकताना घोडा मान वर उचलतो. भार चुकवायला. पाय टेकला — मान वर. पाय टेकला — मान वर. तुम्ही माझ्यासमोर डोलावता तशी नाही, हां! तुम्ही डोलावता ती झोप असते. तर मधूभाऊंना एका नजरेत कळलं. आयुष्यभर हेच केलं होतं त्यांनी. घोडा लंगडतोय! भर वेगात हा पाय जाणार, आणि पाय गेला की वरचा माणूस जाणार. कळलं. सगळं कळलं!

जयवंतीनं विचारलं, 'भाऊ, काय दिसतां?'

आता एक शब्द बोलायचा होता. 'नको.' झालं! पण ग्रुपवर लिहून बसले होते ना — डोळे मिटून! सगळं गाव त्या शब्दावर बसलं होतं. आता 'नको' म्हटलं तर गाव काय म्हणेल? मधूभाऊ चुकले? मधूभाऊ?

चष्मा पुसला. म्हणाले, 'जनावर आहे, गरम झालं की पाय मोकळा होतो कधी कधी.' आणि मग — मंडळी, कान देऊन ऐका, इथं पाप घडलं! — म्हणाले, 'जयवंती, आपण माणसं. आपल्याला काय कळणार? उद्या देवाला कौल लावूया. देव सांगेल तसं.'

अरे! अरे, तुला कळत होतं ना! डोळे दिले देवानं, विद्या दिली देवानं, आणि देवानं दिलेलं उत्तर जिभेवर असताना तू देवाकडे बोट दाखवतोस? हा नम्रपणा? ह्याला नम्रपणा म्हणणाऱ्याच्या मी पाया पडणार नाही!

जयवंती बिचारी भोळी. तिला बरंच वाटलं, देव सांगेल म्हणजे चुकणार नाही.

तुमच्याकडे कौलाची चाल नाही, म्हणून सांगतो. तिकडे देवाच्या पाषाणाला पाणी लावून दोन अंगांना फुलाच्या पाकळ्या चिकटवतात. मग गुरव गाऱ्हाणं घालतो, म्हणजे गावाच्या वतीनं देवाला विचारतो, आणि सगळे वाट बघतात. उजवी पाकळी आधी पडली तर देवाचा होकार. डावी पडली तर नकार. गावाची लग्नं, भांडणं, पेरणी, सगळं ह्यावर चालतं. मी त्याची चेष्टा करत नाही. श्रद्धेनं विचारलेलं आहे ते.

रविवारी सकाळी देऊळ भरलं. कुठल्या एकादशीला भरत नाही एवढं! लवू गुरवानं पाकळ्या लावल्या आणि गाऱ्हाणं सुरू केलं —

'बा देवा म्हाराजा!'

'व्हय म्हाराजा!'

'तू ह्या गावचो राखणदार. ह्या बायचो झील उल्हास आज घोड्यार बसता. त्येच्या जिवाक धोको नसलो, तर उजवो कौल दी, रे म्हाराजा!'

'व्हय म्हाराजा!'

आणि सगळं गाव पाकळ्यांकडे बघतंय. माशी हलत नाही. जयवंती डोळे मिटून. आणि — टप! डावी पडली.

नको! देव म्हणाला, नको!

झालं ना? संपलं ना आख्यान? उठा, आरती करूया? छे! देवानं आपल्या मनाविरुद्ध उत्तर दिलं की आपण काय करतो? प्रश्न बदलतो!

मधूभाऊ पुढे झाले. 'लवू, गाऱ्हाणं चुकलं तुझं. घोड्याचं नाव कुठं घेतलंस? देवाला कसं कळणार कुठला घोडा?' सगळे म्हणाले, 'व्हय, व्हय, बरोबर!' घ्या! सगळं विश्व चालवणाऱ्याला घोड्याचा नंबर कळेना! मग दुसऱ्यांदा पाकळ्या लावल्या. आता गाऱ्हाणं कसं? 'बा देवा म्हाराजा, पाचवी रेस, चार नंबर, बिजलीबहाद्दर, वजन हलकां, पल्लो घोड्याक मानवता, असो ह्यो घोडो आज जितणार असलो तर उजवो कौल दी!' व्हय म्हाराजा! देवाला रेसचं सदर वाचून दाखवलं, मंडळी! आणि लक्षात आलं का? पोराच्या जिवाचं विचारलंच नाही! आता विचारलं, घोडा जिंकेल का!

पाकळी पडेना. ऊन वर आलं, दगड सुकला, आणि उजवी पाकळी सुकून गळली. देवळात आरोळी! घंटा वाजली. लवू गुरव म्हणाला, 'दिलो! देवान कौल दिलो!'

मधूभाऊंनी फोन जयवंतीच्या हातात दिला. 'लाव उल्हासला. सांग, उजवा कौल पडला. बिनघोर बस.'

तिनं फोन लावला. भोवती सगळं गाव. दीर, जाऊ, शेजारी, ज्यांच्या घरी भात लावायला गेली ते सगळे. पलीकडून पोराचा आवाज, 'आई, काय म्हणाला देव?'

जयवंती एकदा पाषाणाकडे बघून म्हणाली, 'बाबू, देवान पयल्याच इचारण्याक नको सांगल्यान. उतर तू घोड्यावरसून. माझी शपथ आसा तुका!'

शाबास! शाबास गे माऊली! वाजवा टाळी! एवढ्या पुरुषांत एकच माणूस निघालं, आणि ते बाईमाणूस निघालं!

गाव उसळलं तिच्यावर. 'पोराचं नशीब फोडलंस!' 'आई की वैरीण!' सख्खा दीर म्हणाला, 'उद्यापासून आमच्या दारात येऊ नको.' ती देवासमोर बसून राहिली. तिकडे उल्हासनं ट्रेनरला सांगितलं, ताप भरलाय, बसत नाही.

काय सांगितलं? ताप! घोडा लंगडतोय, हे सांगितलं नाही. तिथल्या अधिकाऱ्यांकडे जाऊन तेवढं वाक्य बोलला असता, तर घोड्याची पुन्हा तपासणी झाली असती. पण मग कुठला ट्रेनर परत घोडा देणार? पोट आहे, पुढचं आयुष्य आहे. तापाचं सांगितलं आणि खोलीवर जाऊन पडला.

आणि मधूभाऊ? ते तर तिथल्या जुन्या लोकांना ओळखत होते, एक फोन केला असता तरी पुरे होता. त्यांनी फोन घेतला खरा. ग्रुपवर लिहिलं. काय लिहिलं, ऐका — 'जॉकी बदलला. घोडा तोच. चार नंबर कायम. निश्चिंत राहा.'

निश्चिंत राहा! हे लिहिताना त्याचा हात कसा झडला नाही, असं मला वाटतं. देवळात उभा राहून बोलतोय, तरी बोलतो!

दुपारी सभामंडपात सगळे एका फोनभोवती. रेस सुटली. लेडी रोझमेरी मागे पडली. लाल किल्ला पुढे. मग वळणावर बाहेरून चार नंबर! आला, आला! गाव ओरडतंय, 'चल रे! मार रे! मार त्येका!' घोडा लाल किल्ल्याला गाठतो, मान पुढे काढतो —

आणि डावा पाय मोडला. पूर्ण वेगात मोडला. घोडा डोक्यावर गेला आणि वरचं पोर त्याच्या पुढे जाऊन आपटलं. मागचे घोडे त्याच्यावरून गेले. मी बघितलं नाही, ज्यानं बघितलं त्यानं सांगितलं. घोड्याला तिथंच आडपडदा लावून संपवावं लागलं.

पैसे गेले, हे आधी कळलं. आणि मग कुणीतरी म्हणालं, 'अरे... आपलो उल्हास नाय तो! आपलो वाचलो!'

'आपलो वाचलो!' 'देवान राखल्यान!' जे सकाळी तिला वैरीण म्हणत होते ते तिच्या पाया पडू लागले. दीर रडला. लवू गुरवानं घंटा बडवली. नारळ फोडला! गूळखोबरं वाटलं! मैदानात ते पोर चिखलात पडलेलं आहे, अजून उचललेलं नाही, आणि इथं देवळात गूळखोबरं! आणि मधूभाऊ म्हणतात, 'बघितलंत? कौल खोटा होत नाही.'

मला सांगा, मी रागावू नको? मी शांत राहू? कसा राहू?

लवू गुरवानं जयवंतीच्या हातावर प्रसाद ठेवला. तिनं तो परत ताटात ठेवला. म्हणाली, 'वर बसल्लो तो कोणाचो?'

कुणाला ठाऊक नव्हतं. कुणीतरी म्हणालं, 'असेल कोणतरी भैया.'

'त्येका आवस नाय?' आवस म्हणजे आई, मंडळी!

मग ती मधूभाऊंकडे वळली. 'भाऊ, त्या व्हिडिओत तुमका काय दिसलां हुतां? देवाच्या पाषाणाक हात लावन सांगा.'

मधूभाऊ हात मागे घेऊन उभे राहिले. म्हणाले, 'हे बघ जयवंती, मी नुसता अंदाज देतो. मी लिहितोच — संभाव्य! खात्री कोण देतं?'

'अंदाज नाय इचारलंय. दिसलां काय, तां इचारलंय!'

मधूभाऊंचे हात मागेच. आणि तेव्हा सगळ्या गावाला कळलं, मंडळी. पण ती तिथं थांबली नाही. गावाला वाटलं, आता मधूभाऊला शिव्या देईल, आपण सुटलो. ती म्हणाली, 'आणि मी? मी माझो उतरयलंय. त्या जाग्यार दुसऱ्याचो चढतलो, ह्यां माका ठावक नव्हतां? ठावक हुतां. तरी मी माझोच उतरयलंय.'

एवढं बोलून ती उठली, आणि त्याच संध्याकाळच्या गाडीनं शहरात गेली. तो पोरगा मारवाडकडचा, भंवर नावाचा. जिवानं वाचला, पण कमरेखाली काही उरलं नाही. त्याची आई सोहनीबाई गावाहून आली होती, तिला मराठी येत नाही, हिला मारवाडी येत नाही. ही उल्हासला हाताला धरून इस्पितळात घेऊन गेली आणि भंवरच्या पलंगापाशी उभं केलं. म्हणाली, 'सांग.' आणि उल्हासनं मोडक्यातोडक्या हिंदीत सांगितलं — घोडा लंगडा आहे हे मला माहीत होतं, मी बोललो नाही. त्या बाईनं ऐकलं आणि त्याच्या तोंडात मारली. जयवंती मध्ये पडली नाही. मग उल्हास रेसकोर्सच्या अधिकाऱ्यांकडे गेला आणि सगळं बोलला. आता त्याला कुणी घोडा देत नाही. मायलेक अजून तिथंच आहेत, भंवरला उचलायला, न्हाऊ घालायला दोन माणसं लागतात म्हणून.

हं. डोळे पुसताय? पुसू नका! रडण्यासारखं तुम्ही काही केलेलं नाही अजून! आत्ता मनात म्हणताय ना, काय तो मधूभाऊ, काय ते गाव! आणि तुम्ही? तुमच्या गल्लीतल्या शाळेचं छप्पर कुठं तडकलंय, हे तुमच्यातल्या कुणाला माहीत नाही? पुलाच्या कामात किती वाळू आणि किती सिमेंट, हे माहीत असलेला गवंडी इथं बसलेला नाही? शेजारच्या घरात सुनेला रोज काय होतं, ते भिंतीतून कुणाला ऐकू येत नाही? आणि आपली लेक तिथं द्यायची नाही, एवढं करून गप्प बसणारे किती? आपलं वाचलं की नारळ फोडणारे किती? हात वर करू नका. देव मोजतोय, मला मोजायचं नाही.

बंडोपंत, राहू द्या, पखवाज नको. पेटी मिटा. आरतीचं तबक खाली ठेवा. आज प्रसाद वाटायचा नाही.

ज्याला काही दिसलंय आणि ज्यानं ते सांगितलेलं नाही, त्यानं उठावं, जिथं सांगायचं तिथं जाऊन सांगून यावं, आणि मग येऊन आरतीला उभं राहावं. मी जात नाही कुठं. दिवा तेवतोय, देव जागा आहे, मी इथं पायरीवर बसतो. उठा!